दरी सुरू होण्याआधीचे ठोके

लोणावळ्याच्या एका पॉइंटवर डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून लोकांना खोट्या दरीत उड्या मारायला लावणारा कुसगावचा एक माणूस मी एकदाच पाहिला, आणि अजून त्याच्यावर जळतो. हेडसेटमधले बारीक कॅमेरे डोळ्यांभोवतीच्या कातडीतलं रक्त खेळताना टिपायचे आणि शेजारच्या पडद्यावर हृदयाचे ठोके दाखवायचे. गडी प्रत्येक वेळी काच उपरण्याने पुसायचा, तिच्यावर फुंकर मारायचा आणि मुंडावळ्या बांधाव्यात तसा मागून हळुवार पट्टा आवळायचा.

माझ्या बायकोला त्याने तो बांधला मात्र, आकडा सत्तरवरून थेट शंभरावर!

"घाबरली दरीला!" मी जमलेल्या गर्दीकडे बघून हसलो.

"साहेब, दरी अजून सुरूच केली न्हाई," तो म्हणाला. गर्दी खिदळली.

मी तरातरा पुढे झालो आणि बायकोचा हात धरला. आकडा भराभर उतरत पुन्हा सत्तरवर आला.

"बगा! तुमी हात धरला की वैनी लय निवांत," तो कौतुकाने म्हणाला.

संसाराला याहून मोठी शाबासकी नसेल, कबूल. पण खरं सांगू? मला तो शंभर हवा होता.