गिअरबॉक्सचा तक्ता

सिग्नल सुटला की इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र जागची हलायची नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा करायचे. मग एकदम एक हिसका बसायचा आणि आम्ही पुढे. बेळ्ळंदूरच्या चढावर एकदा तर गाडी मागे घरंगळतेय की काय असं वाटलं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण मी खेकसले ते शेजारी बसलेल्या नवऱ्यावर. "बघ, काय करून ठेवलंयस गाडीचं!" तो म्हणाला, "हं." सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या इंजिनिअरचं 'हं' ज्यांनी ऐकलं नाही ते सुखी आहेत.

गाडी बारा वर्षांची आणि ऑटोमॅटिक. ती ऑटोमॅटिक का, हे आधी सांगायला हवं. नवऱ्याला लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला. चालतो तो, थोडा लंगडत, पण क्लच दाबण्याइतकी ताकद त्या पायात नाही. कारखान्यात सगळी वर्षं कंपनीच्या बसने गेला-आला. क्लच नसलेली ही गाडी घेतली तेव्हा तो पन्नाशीचा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चालवत होता. त्या दिवशी त्याने कॉलनीला फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. मी गॅलरीत चहा घेऊन उभी, चहा निवून गेला तरी हा थांबेना.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी तो एकटा चामराजपेटला जातो. तिथे कारखान्यातला जुना मित्र राहतो. दोघं बुद्धिबळ मांडतात आणि लहान मुलांसारखे भांडतात. बाकी आठवडाभर गाडी माझ्याकडे. मी शाळेत गणित शिकवते, रोज रिंग रोडवर माझं रक्त आटतं.

तर गिअरबॉक्स गेला. माझं म्हणणं, एक दिवस ठरवा आणि मोकळे व्हा. पण नवरा पडला सरकारी खात्यातला. तीन ठिकाणचे लेखी अंदाज आल्याशिवाय त्याच्या घरात नळाची चकतीसुद्धा बदलत नाही. त्याने आलेखाचा कागद काढला, पट्टी घेतली आणि तक्ता आखला. नवा गिअरबॉक्स कंपनीतून मागवायचा. अपघातात गेलेल्या गाडीचा जुना बसवायचा. आहे तोच उघडून आतल्या प्लेटा बदलायच्या. आणि चौथा पर्याय यशवंतपूरच्या मेस्त्रीने सुचवलेला, ऑटोमॅटिकचा नादच सोडून साधा क्लचवाला बसवायचा. तो सगळ्यात स्वस्त, सगळ्यात टिकाऊ आणि आठवड्यात गाडी हातात.

तीन आठवडे हे चाललं. तीन आठवडे! मी रिक्षाने शाळेत जात होते आणि घरी आले की तक्त्यात एखादी ओळ वाढलेली असायची. मला एका जागी बसवत नाही. बसले तरी डावा पाय हलत राहतो, आई लहानपणी त्यावर चापट्या मारायची. "अरे, गिअरबॉक्स बदलायचाय, धरण नाही बांधायचंय," मी म्हणायचे. तो चष्मा पुसायचा.

शेवटच्या रकान्यावर त्याने 'शेरा' असं लिहिलं होतं. नव्याला शेरा, 'किंमत गाडीहून जास्त'. जुन्याला, 'भरवसा नाही'. उघडून दुरुस्त करायला, 'महिना लागेल, पण बरा'. क्लचवाल्यापुढची चौकट कोरी.

"इथे काही लिहिलं नाहीस?"

"तुला योग्य वाटेल ते कर," तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक करत बसला.

आता सरकारी कागदावर शेरा कोरा म्हणजे हरकत नाही. हे मला त्यानेच शिकवलेलं. आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. मी क्लचच्या गाडीवर शिकलेली. गिअर टाकताना हाताला येणारा तो खटका मला अजून आवडतो. शनिवारचं काय, हा विचार आला नाही असं नाही. आला, आणि मी स्वतःला म्हटलं, जाईल की मेट्रोने. एवढ्या सहज म्हटलं मी ते.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी एकटीच यशवंतपूरला गेले, होकार देऊन टाकायला. गॅरेज घाऊक बाजाराच्या मागे, समोर कांद्याच्या गोण्या उतरत होत्या. मेस्त्री साठीचा, कपाळावर भस्म, बोलतो अर्धं कन्नड अर्धं हिंदी. मी म्हटलं, "साधा क्लचवाला बसवा. साहेबांनी याची पार वाट लावली."

"सरी," तो म्हणाला, म्हणजे बरं. "पण स्वल्प इकडे या, मॅडम."

तीन आठवडे तिथेच उभ्या असलेल्या आमच्या गाडीचं दार उघडून त्याने मला खाली वाकायला लावलं. ब्रेकच्या पेडलवर बोट ठेवलं. रबराचा डावा कोपरा झिजून गुळगुळीत झाला होता, उजवीकडे मात्र रेघा नव्यासारख्या.

"ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक उजव्या पायाने मारायचा. डाव्या पायाला कामच नाही. पण क्लचची सवय असलेले लोक डावा पाय ब्रेकवर टेकवून बसतात. उजवा म्हणतो चल, डावा म्हणतो थांब. मध्ये गिअरबॉक्स भाजून निघतो. तेल बघा, करपलंय. सरांना सांगा, डावा पाय आवरा."

मी वाकलेलीच राहिले. आमच्या सोसायटीचा वॉचमन कितीदा म्हणाला होता, "अक्का, गाडी चालू असताना पण तुमचा मागचा लाल दिवा पेटलेला असतो." मी त्याला उडवून लावलं होतं, वायरिंग खराब असेल म्हणून. नवऱ्याचा डावा पाय तर पेडलपर्यंत उचलतच नाही.

गप्प बसता आलं असतं. मेस्त्रीला काय माहीत! पण तोंडातून निघून गेलं, "साहेबांचा नाही तो पाय. माझा आहे."

मेस्त्री हसला नाही. "मग बसवू क्लचवाला?" त्याने विचारलं. "तुम्हाला बरा पडेल."

"थांबा," मी म्हटलं. "काहीही करू नका. मी फोन करते."

घरी येईपर्यंत रिक्षात मला इतकी लाज वाटत होती की मी स्वतःशीच पुटपुटत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता. दार उघडल्या उघडल्या मी चपला न काढता विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"माझा पाय. ब्रेकवर असतो ते."

त्याने घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. "पहिल्या वर्षापासून," तो म्हणाला.

"अरे मग बोलला का नाहीस? मी तुला इतकं तोडून बोलले, चारचौघांत बोलले, आणि तू हं हं करत बसलास? गाडी गेली की रे त्यात!"

"एकतीस वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला. "माझ्या डाव्या पायाबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. मी तुझ्या पायाबद्दल काय बोलणार?"

मला रडू फुटलं. सकाळी मी काय करायला निघाले होते, ते त्याला ठाऊक होतं. तरी त्याने मला जाऊ दिलं होतं.

तक्ता टेबलावरच होता. मी शेजारची पेन्सिल उचलली, आणि क्लचवाल्यापुढच्या कोऱ्या चौकटीत, शाळेत फळ्यावर लिहिते तशा ठळक अक्षरात लिहिलं, 'नामंजूर. डाव्या पायाला काम देऊ नये.'

त्याने चष्मा लावून वाचलं. मग म्हणाला, "सही राहिली." मी सही केली आणि मेस्त्रीला फोन लावला, की आहे तोच उघडा, महिना लागला तरी चालेल.