इस्त्री तपासायचं बोट

भावोजींना लॅपटॉपमधलं सगळं कळतं, हे आमच्या घरात कधी आणि कोणी ठरवलं, मला माहीत नाही. ताईशी लग्न झालं तेव्हा ते एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसत होते, एवढं पुरेसं झालं असावं. त्यानंतर आमचा मिक्सर बिघडला तरी फोन त्यांनाच जायचा. मला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप घ्यायचं ठरलं, तेव्हा माझे वडील, अप्पा, शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या भावोजींना विचार." मलाच विचारावं, असं कोणाच्या मनात आलं नाही. मी कमी बोलते. कमी बोलणाऱ्या मुलीला कमी कळतं, असा लोकांचा हिशेब असतो.

मला काय हवं होतं ते पक्कं होतं. थ्रीडी मॉडेल करायची तर चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते असलेला परवडणारा लॅपटॉप म्हणजे गेमिंग लॅपटॉप. घरी सांगायचं कारण हे. न सांगायचं कारण असं, की मी खेळते. नववीपासून एका मैत्रिणीकडे अभ्यासाच्या नावाखाली जायचे आणि तिच्या दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळायचे, माइक बंद ठेवून. तिथे मला कोणी "बोल की गं" म्हणत नसे. घरी हे कळलं असतं तर लॅपटॉप मिळाला असता, पण साधा, आणि पुढची पाच वर्षं मी त्याच्या पडद्याकडे बघत मॉडेल तयार व्हायची वाट पाहत बसले असते.

दुसरी अट वजनाची. आम्ही शहराच्या टोकाला, हूटगळ्ळीला राहतो. कॉलेजला दोन बस लागतात आणि पहिलीत उभं राहायलाच जागा मिळते. इंटरनेटवरची लॅपटॉप-तज्ज्ञ मुलं म्हणतात, अडीच किलो म्हणजे अगदी पोर्टेबल. ही मुलं लॅपटॉप पलंगावरून टेबलापर्यंत नेत असणार. मी बॅगेत दोन किलो तांदूळ आणि चार्जरच्या नावाने अर्धा किलो तूरडाळ भरून आठवडाभर क्लासला नेली. चौथ्या दिवशी खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला. डाळ काढून टाकल्यावर जमलं. म्हणजे चार्जरसकट दोन किलो, त्याच्यावर नाही. आईला डब्यात तांदूळ कमी का वाटतात ते कळत नव्हतं.

भावोजी रविवारी आले. त्यांनी एक व्हिडिओ पाहिला होता. एकच.

"पुट्टी, तुला स्लिम घेऊया," ते म्हणाले. लहान मुलीला म्हणायचा हा कन्नड शब्द ते मला अजून वापरतात. "मुलींना स्लिमच पाहिजे असतं. नोडु, बघ, नाण्याएवढा पातळ येतो आता."

"पातळमध्ये कार्डला वीज कमी देतात," मी म्हटलं. नाव तेच असतं, काम निम्मं. हे मी तीन आठवडे वाचलं होतं.

"आँ?"

"काही नाही."

"वीज घरात आहे की गं!" ते हसले, ताई हसली, आईसुद्धा हसली. मी आत जाऊन माझ्या वहीतली यादी पुन्हा वाचली. अशा वेळी मी हेच करते, आणि त्याबद्दल मला स्वतःचा काही फार अभिमान नाही.

दुकानात आम्ही तिघं गेलो. अप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, गळ्यात टेप तशीच राहिली होती. मी ती काढा म्हणायचं मनात आणलं, पण म्हटलं नाही. मग दुकानभर मी त्यांच्यापासून दोन पावलं मागे चालले.

विकणारा तरुण गोरा, केसांना जेल, आणि डोळे सतत भावोजींकडे. कन्नडमध्ये तो भावोजींना सर म्हणत होता, अप्पांना अंकल, आणि मला काहीच नाही. लॅपटॉप माझ्यासाठी आहे असं भावोजींनी सांगितल्यावर तो म्हणाला, "मेडमना कलर कुठला पाहिजे?"

भावोजी प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर बोटाच्या पेराने टकटक करत होते, नारळ घेतात तसं. "बॉडी भारी आहे," ते म्हणायचे. बॉडी पत्र्याची आहे, एवढंच त्यांना कळलं होतं. शेवटी ते एका चंदेरी लॅपटॉपपाशी थांबले. खरंच पातळ होता. पडद्यावर गेम चालू होता, लाल गाडी डोंगराच्या वळणावरून धावत होती.

"बघा सर, फुल सेटिंगवर पळतोय," विकणारा म्हणाला. "अडकतोय का कुठे?"

"सूपर!" भावोजी म्हणाले. "पुट्टी, बघ कसा पळतोय. आयतु, झालं, हाच."

मी बघत होते. लाल गाडीने वळणावरच्या एकाच पांढऱ्या दगडाला डावा आरसा तीन वेळा घासला होता, तीनही वेळा तसाच. तो गेम नव्हता. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ होता, फिरून फिरून लागणारा. मला पहिल्या मिनिटात कळलं आणि मी गप्प राहिले. बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुला गं कसं कळलं? विकणारा बिल करायला निघाला. पुढच्या पाच वर्षांचा लॅपटॉप माझ्यासमोरून ठरून जात होता आणि मी माझ्या चपलांकडे बघत होते.

तेवढ्यात अप्पा पुढे झाले. त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट जिभेला लावलं आणि लॅपटॉपच्या खाली, जाळीपाशी टेकवलं. त्यांच्या टेलरिंगच्या दुकानात इस्त्री तापली का ते बघायला ते दिवसातून पन्नास वेळा असंच करतात. इस्त्रीवर बोट चर्र वाजतं. इथे काहीच वाजलं नाही. माझे मात्र कान तापल्यासारखे झाले. विकणाऱ्याने तोंड फिरवून हसू दाबलं. भावोजी म्हणाले, "मामा, ते इस्त्री नाही हो!"

अप्पांनी बोट काढलं नाही. "गार आहे," ते म्हणाले. "एवढं काम करतोय म्हणता, आणि बर्फासारखा गार? माझं शिवणाचं मशीन दहा मिनिटं पळवलं तरी मोटर गरम होते. हा चालू आहे की नुसता दिवा लागलाय?"

"अंकल, टेक्नॉलजी तशी आहे. कूलिंग."

"अस्सं," अप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. त्या दुकानात माझ्याकडे उत्तरासाठी बघणारे ते पहिलेच.

"तो व्हिडिओ आहे," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "गेम नाही. व्हिडिओ. खरा गेम लावा."

डेमोच्या मशीनमध्ये गेम घालायची परवानगी नाही, असं तो म्हणाला. भावोजी त्याच्या बाजूने मान हलवत होते, कारण 'सूपर' तेच म्हणाले होते. मी कोपऱ्यातल्या करड्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. नाण्याएवढा नव्हता, पण लहान होता. वजन मला पाठ होतं, चार्जर धरून. मघाशी एक मुलगा तिथे खरंच खेळून गेला होता. "तो द्या. मी बघते."

"मेडम खेळणार?" विकणाऱ्याने भावोजींना विचारलं.

मी बसले. माझाच खेळ होता त्यात, बंदुकांचा. हात जे करतात ते चार वर्षं करत आले होते. कोपऱ्यातून येणारे तिघं पडले, भिंतीमागचा एक पडला. अप्पा माझ्या शेजारी वाकून उभे होते, ओलं बोट जाळीपाशी.

"तापतोय," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "आता खरा तापला. पण हवा जोरात येतेय. अडखळतोय का गं?"

"नाही."

"मग?"

"हाच पाहिजे."

भावोजींचं तोंड उघडंच होतं. "पुट्टी, तू हे कुठे शिकलीस?"

मी खेळ बंद केला. अप्पांनी टेप गळ्यातून काढून करड्या लॅपटॉपची लांबी, रुंदी, जाडी घेतली आणि विकणाऱ्याच्याच पेनने तळहातावर लिहिली. बसमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "अभ्यासाला घेतलास की खेळायला?"

"दोन्हीला."

दोन दिवसांनी त्यांनी कोटाच्या उरलेल्या कापडातून, आत मऊ अस्तर लावून, पिशवी शिवून दिली. मैत्रिणीकडे जायचं आता कारण उरलं नाही म्हणा, असं आई आपणहून म्हणाली. म्हणजे अप्पांनी तिला माझ्या खेळण्याचं सांगितलं होतं, आणि बाकीचं तिने ओळखलं होतं.

भावोजींचं काय झालं ते सांगते. गेल्या महिन्यात ताईच्या सासरी जेवण होतं. त्यांच्या चुलतभावाच्या मुलीला लॅपटॉप घ्यायचा होता, आणि साहजिकच त्यांना विचारलं होतं. त्यांनी हातातला लाडू ताटात ठेवला.

"आमच्या पुट्टीला मीच निवडून दिला," ते म्हणाले. "एक ट्रिक आहे. बोट ओलं करायचं आणि खाली लावून बघायचं. गार लागला की समजायचं, मशीन एक नंबर!"

ती मुलगी वहीत लिहून घेत होती. माझ्यासारखीच, मान खाली घालून.

"उलटं सांगताय, भावोजी," मी म्हटलं. पंगतीतली डोकी वळली. "आधी गेम लावायचा, मग बोट. आणि गेम तुम्ही नाही, तिने लावायचा."

ते हसले. ती हसली नाही. तिने लिहिलेलं खोडलं.