समंदरवाला गावंडे

विश्वास गावंडे मूळचा वाशीमचा. समुद्र त्याने एकदाच पाहिला, लग्नानंतर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पण १९९८ साली गुडगावच्या ऑफिसात महाराष्ट्रातला तो एकटाच, म्हणून सगळ्यांसाठी ‘समंदरवाला’. पाच वर्षांत त्याने कधी ते नाकारलं नव्हतं. ताजं पापलेट कसं ओळखायचं हेही त्याने लोकांना सांगितलं होतं. स्वतः तो शाकाहारी.

त्यामुळे खुराना साहेब महिनाभर परदेशी निघाले तेव्हा केबिनमधली खाऱ्या पाण्याची टाकी विश्वासकडे आली. चार इवलेसे निळे मासे आणि एक नवीन, दगडासारखा दिसणारा मासा. तो दिसला की ओळखशीलच, असं साहेब म्हणाले.

टाकीत दगड पाच होते. विश्वासने बराच वेळ पाहून डावीकडचा तपकिरी, डोळ्यासारखा ठिपका असलेला दगड नक्की केला. रोज त्याच्यापुढे कोळंबीचा तुकडा टाकायचा. संध्याकाळपर्यंत तुकडा नाहीसा व्हायचा, म्हणजे सगळं ठीक होतं.

दुसऱ्या आठवड्यात निळे मासे तीन भरले. मग दोन. झाकण बंद, फरशी कोरडी. त्याने कपाटामागेही पाहिलं. मयूर विहारला घरी येऊन त्याने बायकोला, वृंदाला सांगितलं.

“मग सांग ना त्यांना, मला यातलं कळत नाही म्हणून.”

“पाच वर्षांनी?” विश्वास म्हणाला.

शेवटी मित्रासाठी विचारतोय असं सांगून त्याने करोल बागच्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराला फोन केला. तो वैतागलाच. तोंडात मावेल ते हा दगडासारखा मासा गिळतो, त्याच्याबरोबर छोटे मासे ठेवायचेच नाहीत. हौसेच्या टाकीचा हा मालच नव्हे. आणि पाठीचे काटे विषारी असतात, हात घालू नका.

विश्वासने फोन ठेवून तळहात पाहिला. सोमवारीच त्याने उघड्या हाताने शेवाळ घासलं होतं. चार दगडांचं. हवेच्या नळीमागच्या पाचव्यापर्यंत हात पोचला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत तो टाकीसमोर बसला. एक निळा मासा पाचव्या दगडाजवळून गेला आणि नंतर नव्हता. पाणीसुद्धा हललं नाही.

साहेब परतले. केबिनमध्ये सहा-सात जण जमले. साहेबांनी वाकून डावीकडच्या दगडासमोर काचेवर बोट ठेवलं. “देखो, पहचान गया मुझे।” मग नळीमागचा, कोपऱ्यातला दगड पुढे घ्यायला त्यांनी बाही वर केली.

विश्वासने त्यांचं मनगट धरलं. “सर, पत्थर वो है। मछली ये है। काँटे में ज़हर है।”

“तुम तो जानोगे ही, समंदरवाले।”

इथे मान डोलावली असती तरी भागलं असतं. “नहीं सर। पिछले हफ़्ते तक मैं भी उसी पत्थर को खिला रहा था। हमारे यहाँ तो नदी भी गर्मी में सूख जाती है।”

कुणी हसलं नाही. साहेबांनी दोन्ही दगडांकडे आळीपाळीने पाहिलं.

“पक्का?”

विश्वासने पुन्हा पाहिलं. नळीमागचा अजूनही हलत नव्हता. साहेबांनी मात्र बाही खाली केली.