मुंगसानं नेलेले लाल कोंबडे

सात नंबरचा लाल कडीचा कोंबडा माझ्या रजिस्टरमध्ये होता, अंगणात नव्हता.

“आक्का, सात नंबर कुठाय?”

“गेला की मॅडम.”

“कशानं?”

“मुंगसानं न्हेला.”

“कधी?”

सुलाआक्कानं एकदा चुलीकडं बघितलं, एकदा कट्ट्यावर बसलेल्या आमच्या साहेबांकडं. “आजच की. सकाळच्याला.”

घरातून भाजलेल्या खोबऱ्याचा आणि तिळाचा वास येत होता. मी कोल्हापूरची. हा वास कशाची वर्दी देतो हे मला कुणी सांगावं लागत नाही. मी ‘मृत्यूचे कारण’ या रकान्यात ‘शिकारी प्राणी’ असं लिहिलं, हात धुतले आणि पाटावर बसले. मुंगसानं नेलेला कोंबडा पाच मिनिटांत ताटात आला. सोबत तांबडा आणि पांढरा. साहेब “कशाला एवढं, कशाला एवढं” म्हणत पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या प्यायले. मी तीन प्यायले. खोटं कशाला बोलू?

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीची शेवटची काही वर्षं मलकापूरच्या आसपासच्या वाड्यांवर काढली. तिथं आमच्याकडं एक प्रकल्प आला. दुहेरी उपयोगाच्या कोंबड्यांची तुलना. म्हणजे काय, ते सांगते. ब्रॉयलर कोंबडी फक्त मांसासाठी. दीड महिन्यात तिचा खेळ खलास. लेयर फक्त अंड्यांसाठी. या दोन्हींना शेड लागतं, विकतचं खाद्य लागतं, लाड लागतात. चार गुंठ्यांच्या परसात दोन्ही जमत नाहीत. तिथं लागते अंगणात दाणे टिपत फिरणारी, बऱ्यापैकी अंडी देणारी आणि नर निघाला तर अंगावर बऱ्यापैकी मांस धरणारी कोंबडी. गिरिराज, वनराज ही नावं तुम्ही ऐकली असतील. आमच्या तीन जाती त्यांच्याच भावकीतल्या. त्यांची नावं देत नाही, कारण या गोष्टीत चूक कोंबड्यांची नाही.

बारा घरांना तिन्ही जातींची पिल्लं दिली. ओळखायला पायात प्लॅस्टिकची नंबर घातलेली कडी: लाल, निळी, पिवळी. निळी जात पहिल्याच महिन्यात रोगानं निम्मी झाली आणि स्पर्धेतून बाद झाली. राहिल्या दोन. जी जात जिंकेल तिचीच पिल्लं पुढं तालुक्यातल्या सगळ्या महिला गटांना मिळणार होती.

बारा घरं जमवली होती सुलाआक्कानं. बायका सहजासहजी तयार नव्हत्या. सरकारी कोंबडी म्हणजे आज दिली, उद्या फोटो काढला, परवा मेली, असा त्यांचा अनुभव. आक्कानं एकेकीच्या दारात बसून “मी सांगती न्हवं?” असं म्हणून त्यांना ओढून आणलं. म्हणजे पणाला लागली होती ती आक्काची जबान.

प्रकल्पाचा एक नियम होता: वर्ष पुरं होईपर्यंत कोंबडी विकायची नाही, कापायची नाही. वाडीचाही एक नियम होता: दारात पावणं आलं की कोंबडं कापायचं. आणि आम्ही तर दर पंधरवड्याला वजन करायला जाणारे पावणे. दोन नियमांच्या मधे बायकांना एकच वाट सापडली. तिथं मुंगूस उभं होतं.

आता पावण्याच्या ताटात किडमिडीत कोंबडं वाढलं तर वाडीत नाक कापलं जातं. त्यामुळं कापायचं ते सगळ्यात जड. सगळ्यात जड कुठलं, हे कळणार कसं? आम्हीच कळवत होतो. मी काट्याला कोंबडा टांगून मोठ्यानं आकडा सांगायची, क्लार्क लिहून घ्यायचा, आणि चुलीपाशी बसलेली बाई मनात टिपून ठेवायची. पुढच्या पंधरवड्याला तो कोंबडा मुंगूस न्यायचं. बिचाऱ्या मुंगसाला सगळ्या वाडीत लाल कडीचेच कोंबडे आवडत होते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलंही होतं. पण ताट समोर असलं की माणूस फार खोलात जात नाही.

वर्ष संपलं. कोल्हापूरच्या ऑफिसात मीटिंग झाली. आकड्यांचं काम बघायला बाहेरून एक तरुण शास्त्रज्ञ आले होते. हुशार, सरळ आणि शाकाहारी. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला.

“लाल जातीची मरतूक सर्वात जास्त. शिवाय एक व्हेरी इंटरेस्टिंग गोष्ट बघा. चार-साडेचार महिन्यांनंतर लाल कोंबड्यांचं सरासरी वजन वाढायचं थांबतं. उलट घटतं.”

घटणारच. दर पंधरवड्याला त्यातला पहिला नंबर काढून घेतला तर कुठल्याही वर्गाची सरासरी घटेल.

“पिवळ्या जातीची मरतूक जवळजवळ शून्य,” ते पुढं म्हणाले. “हवामानाला, रोगाला, भक्षकांना, सगळ्याला पुरून उरलेली जात. माझी शिफारस पिवळी.”

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी पण दोन वाजवल्या, आणि तिथंच मला स्वतःची लाज वाटली. बाहेर पडून मी सरळ मलकापूरची गाडी धरली.

आक्का अंगण झाडत होती. पिवळीचं नाव ऐकून तिनं खराटा खाली टाकला.

“पिवळी? ती कोंबडी हाय व्हय मॅडम? अवो, ती आंब्याच्या शेंड्याला बसती. अंडं घालती उसात, ते मलाबी गावत न्हाय. आन् मांस म्हनाल तर माझ्या करंगळीवर त्येच्यापरास जास्त हाय!”

“मग ती जगली कशी?”

“कापायला धरावी कुणी? आन् पावण्यापुढं वाढावी कुणी?”

मग ती कट्ट्यावर टेकली. “अकरा बायकांस्नी मी वडून आनलंय. ह्ये पाखरू पदरात पडल्यावर म्हनतील, आक्कानं साहेब लोकांस्नी जेवाय घातलं आन् आमास्नी फशिवलं. मी कुठं तोंड दावू, सांगा की.”

“आक्का, खरं सांगा. लाल किती कापले?”

ती घाबरली. “सरकारी कोंबडं कापलं म्हनून यादीतनं आमची नावं काढशीला?”

“खाल्लं मी. तुमचं नाव कसं काढू?”

ती उठली आणि भिंतीतल्या दिवळीतून एक सुतळी घेऊन आली. सुतळीत लाल कड्या ओवलेल्या होत्या. धुतलेल्या, नंबरासकट.

“ह्या का ठेवल्यात?”

“सरकारी माल हाय. टाकायचा कसा?”

सरकारी कोंबडा कापताना तिचा हात अडला नव्हता, पण दोन बोटांची प्लॅस्टिकची कडी टाकायला तिचा जीव होत नव्हता. मी बाराही घरं फिरले. कुणी मिठाच्या बरणीत, कुणी देवाच्या फोटोमागं, पण सगळ्यांनी कड्या ठेवल्या होत्या. मला हे सोन्यासारखं होतं. कडीवर नंबर, आणि नंबराला माझ्या रजिस्टरात शेवटचं वजन. प्रत्येक कोंबडा किती वाढून कुठल्या तारखेला गेला, सगळं जुळलं. लाल जात मेली नव्हती. ती सगळ्यांत लवकर, सगळ्यांत जास्त वाढली होती, म्हणून संपली होती. तिच्या माद्या खुराड्यात सुखरूप होत्या आणि रोजच्या जागी अंडी घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कड्या सुतळीत ओवून साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“साहेब, लाल जात मेली नाही. आपण खाल्ली.”

“आपण म्हणजे?”

“मी, आपण, आपला ड्रायव्हर, क्लार्क. आणि एकदा आपले पाहुणे.”

“माझे कुठले पाहुणे?”

“नृसिंहवाडीला दर्शनाला आले होते ते. दुसऱ्या दिवशी त्यांना फील्ड दाखवायला आणलंत.”

साहेबांनी दार लोटून घेतलं. “मॅडम, असं रिपोर्टात लिहिता येत नाही. कारणाच्या रकान्यात ‘इतर’ करा आणि मिटवा.”

“‘इतर’ केलं तरी मरतूकच धरतात. लाल बाद होते, आणि तालुक्याच्या गळ्यात पिवळी पडते. साहेब, हा फॉर्म अंडी आणि मांस दोन्हीसाठीच्या कोंबडीचा आहे. त्यात ती रोगानं मेली हे लिहायची सोय आहे, विहिरीत पडली हे लिहायची सोय आहे. खाल्ली, हे लिहायची सोय नाही. मग मांसाची तुलना आपण करत होतो कशावर?”

साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“चव चाचणी,” ते म्हणाले.

“काय?”

“क्षेत्रीय चव चाचणी. मांसाचा दर्जा तपासण्यासाठी अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन नमुने तपासले. लिहा.”

माझी उभी हयात सरकारी भाषा लिहिण्यात गेली, पण अशी फोडणी मला कधी जमली नाही. मी लिहिलं. सोबत प्रत्येक कडीचं वजन जोडलं. रजिस्टरातलं ‘शिकारी प्राणी’ जिथं जिथं माझ्या अक्षरात होतं, तिथं तिथं खोडलं आणि शेजारी सही केली. मेमो आला असता तर तो माझ्या नावानं आला असता.

मेमो आला नाही. वरून पत्र आलं. त्याचा मतलब असा: चव चाचणीचा उपक्रम स्तुत्य आहे. मात्र चाचणी फक्त लाल जातीची झाल्यानं तुलना एकतर्फी ठरते. तरी पिवळ्या जातीच्या तीन नमुन्यांची, त्याच अधिकाऱ्यांनी, त्याच पद्धतीनं चाचणी करावी. तोपर्यंत पिल्लांचं वाटप थांबवावं.

पत्र वाचून साहेब म्हणाले, “आपण न जाताच लिहून टाकू.”

“नको साहेब,” मी म्हणाले. “आता मुंगूस पुरे.”

पत्राची प्रत आक्काला आधी पाठवली आणि आम्ही गेलो. पिवळी आंब्यावरून खाली उतरवायला पाच बायका आणि एक शिडी लागली. आक्कानं सकाळपासून चूल पेटती ठेवली होती. मसाला तोच, रस्सा तोच, हात तोच. साहेबांनी पहिला घास घेतला आणि ते चावतच राहिले. बोलता येत नव्हतं. मी माझा तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात नेत होते.

“साहेब, वाढू आनखी?” आक्का पातेलं घेऊन उभी.

“नको, नको. समजलं. लालच चांगली.”

“एकीवर कसं ठरवायचं वो? कागदात तीन नमुनं लिवल्यात न्हवं? सुनंनं वाचून दावलं मला. दोन राहिल्यात.”

अंगणात बाकीच्या अकराही बायका येऊन बसल्या होत्या. एकही हसत नव्हती. साहेबांनी तिन्ही नमुने तपासले. तिसऱ्या नमुन्यात त्यांची एक दाढ हलली. हात धुवून त्यांनी तिथंच, आक्काच्या कट्ट्यावर, लाल जातीच्या शिफारशीवर सही केली.

महिन्याभरात लाल पिल्लं आली. पिल्लांनी भरलेलं पहिलं डालगं आक्कानं स्वतः न घेता त्या अकरा जणींतल्या सगळ्यांत कुरकुऱ्या बाईच्या दारात नेऊन ठेवलं. फॉर्ममध्ये आता ‘घरी खाल्ली’ असा रकाना आहे. माझ्या सगळ्या नोकरीत मी खात्याला दिलेली सुधारणा ती एवढीच.

नव्यानं लागलेले डॉक्टर कधी भेटले की त्यांना मी सांगते. ज्या घरी वजन करायला जाता, त्या घरी जेवू नका. जेवलात तर तसं कागदावर लिहा. आणि लिहिणार असाल तर आधी दात तपासून घ्या.