बाभळीचा उपास

"याले पाणी नोका टाकू," असं म्हणत काकू उजवा पंजा उभा धरत. सगळी नोकरी रेल्वेत तिकीट तपासण्यात गेलेली. त्या पंज्यापुढे भलेभले थांबत. मी तर बादलीसकट थांबलो होतो.

तुमच्याही कॉलनीत असं एखादं माणूस असेलच. आमच्या तेलीबांध्याच्या कॉलनीत दर उन्हाळ्यात बोअर आटायची आणि लॉन मात्र टँकरवर पोसलं जायचं. काकूंनी कमिटीशी भांडून लॉन उखडायला लावलं आणि तिथे वाळवंटातली पिवळी बाभूळ लावली. नर्सरीवाला तिला पार्किन्सोनिया म्हणे. पाणी कमी पडलं की ही पानं टाकून देते आणि हिरव्या सालीवर दिवस काढते. झाडं मेली तर लॉन परत, अशी अट अध्यक्षांनी घातली. काकूंनी ती बसल्या जागी मान्य केली.

झाडं फुलली आणि घोळ झाला. गुरुवारी पिवळं वाहायचं, केळीला पाणी घालायचं, हे आमच्याकडच्या बायकांचं व्रत. कॉलनीत केळ नव्हती. बी ब्लॉकच्या मिश्राईन इतकं पिवळं पाहून हरखल्या आणि बाभळीलाच हळद, चणाडाळ आणि लोटाभर पाणी वाहून आल्या. एकीचं पाहून दुसरी. बुंध्याशी चिखल साचला, एका झाडाची साल काळी पडली. अध्यक्षांचा चेहरा मात्र उजळत चालला.

बोर्ड लावा, असं मी सुचवलं.

"बोर्ड वाचते कोण? अन् कोणाच्या श्रद्धेले काहून दुखवाचं?" काकू म्हणाल्या.

काकूंचं घर बौद्ध. व्रत-उपास त्यांनी जन्मात केला नव्हता, पोह्यांची दुसरी प्लेट कधी नाकारली नव्हती. पण गुरुवारी सकाळी त्या झाडापाशी उभ्या राहिल्या आणि मिश्राईनचा हात हलकेच धरला.

"दीदी, इसका उपवास है। तीजा में आपको कोई जबरदस्ती पानी पिला दे तो?"

तीजाच्या, म्हणजे हरतालिकेच्या, उपासाला थेंबभर पाणी न पिणाऱ्या मिश्राईन दचकल्या. लोटा मागे घेऊन त्यांनी विचारलं, उपास कधी सुटेल? काकूंनी तितक्याच गंभीरपणे सांगितलं, "बरसात में।" पुढच्याच आठवड्यात मोरीच्या पाण्यावर त्यांनी एक केळही लावून दिली. कोणाला न दुखावता जिंकणारी ही बाई मला फार आवडायची.

यंदा मार्चमध्ये काकू गेल्या. मे महिन्यात झाडांनी पानं टाकली आणि अध्यक्षांनी लगेच लॉनचा विषय काढला. भर मीटिंगमध्ये मिश्राईन उठल्या.

"पेड़ मरे नहीं हैं, भैया। उपवास में हैं।"

विषय तिथेच मिटला.

नंतरच्या गुरुवारी मिश्राईन लोटा घेऊन झाडापाशी आल्या. डोळे पुसत बराच वेळ उभ्या होत्या. दुःखाच्या भरात ओततात की काय, म्हणून मी जिन्यातच थांबलो. त्यांनी ओतलं नाही. जिना चढून त्या काकूंच्या कुलूपबंद दारापाशी गेल्या. तिथे कुंडीतला मोगरा वाळत चालला होता. सगळा लोटा त्यांनी त्याला घातला.