टोमॅटोची टोपी आणि आजोबांचा हट्ट

"या घरात हिंदी शिरली तर मी ओ देणार नाही," सासऱ्यांनी बजावलं. जन्मभर हैदराबादेत नोकरी करताना बाहेर फाडफाड दखनी हिंदी बोलणारा माणूस, पण उंबऱ्याच्या आत मराठीच! मीही ऐकणारी नव्हते. म्हटलं, "मामा, इथे बाहेर सगळे तीच बोलतात. पोरीला आत्ताच आली पाहिजे." नांदेडकडून लग्न होऊन मी हैदराबादेतल्या नल्लकुंट्यात आले तेव्हा हिंदी येत नव्हती म्हणून वर्षभर शेजारणींपुढे मुक्यासारखी बसायची. लेकीचं तसं होऊ देणार नव्हते, बस्स.

झालं भलतंच. बालवाडीच्या मॅडमनी सांगितलं म्हणून मी घरातही तिच्याशी हिंदीच लावली आणि पोरीची टकळी एकदम बंद! शाळेत गप्प, माझ्यापुढेही गप्प. तोंड उघडायची ती फक्त संध्याकाळी. आजोबांनी हात जोडून बुद्धवंदना सुरू केली, की ही त्यांच्यामागून म्हणायची. पुटपुटली की ते दटावायचे, "हात जोड. मोठ्यानं म्हण, हळू नको."

मॅडम म्हणाल्या, बोलली नाही तर पुढच्या वर्षीही याच वर्गात बसवू. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात प्रत्येक पोरानं एका भाजीवर दोन ओळी हिंदीत बोलायच्या होत्या. आमच्या वाट्याला टोमॅटो आला. लाल टोपी मी हौसेनं शिवली, पण जीव टांगणीला लागलेला.

कार्यक्रमात तिची पाळी आली. टोपी डोळ्यांवर, तोंडाला कुलूप. मी पुढच्या रांगेतून ओठ हलवून हलवून दमले. मागं वळून बघते तर काय, सासऱ्यांनी काळजीनं छातीशी हात जोडलेले!

ते तिनंही पाहिलं. तिला वाटलं, वंदनेची वेळ झाली. टोपी मागं सारली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवातच केली! टोमॅटो गेला उडत. अगं बाई, माझ्या अंगावर काटाच आला. पोरं मात्र खिदळायला लागली. तशी ही थांबली, कमरेवर हात ठेवून ओरडली, "हात जोडो रे सब! मेरे पिच्छे बोलो! जोर से, हल्लू नक्को!"

हिंदी! म्हणजे मॅडमची नव्हे, आमच्या गल्लीतली, पण बोलली की हो! मी टाळ्याच पिटल्या. सगळा वर्ग हात जोडून तिच्यामागून म्हणायला लागला. मॅडम हसून हसून खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "इसको तो आगे भेजना ही पड़ेगा."

पण आमच्या बाईसाहेबांचं समाधान कुठलं! तिनं थेट मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. "आजोबा, तुम बी बोलो!"

आता मामा ओ देणार नाहीत आणि पोरगी पुन्हा मिटून बसणार.

सासरे उभे राहिले. डोळे भरलेले, हात अजून जोडलेलेच.

"हौ मा," ते म्हणाले, "बोलता हूं."