अक्कांचं मत राहिलंय

चार मराठी माणसं परदेशात महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसली की किस्से आपोआप साठतात. स्वयंपाकघरातल्या खणात पिशव्या साठतात तसे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण एक दिवस खण उघडला की सगळ्या बाहेर येतात. आमच्या मंडळाचे किस्से मी पूर्वी कुठेही सांगायचे. ऑफिसात, ट्राममध्ये, गणपतीच्या रांगेत. लोक पोट धरून हसायचे. हल्ली तेच किस्से त्याच शब्दांत सांगायला घेते आणि मधेच विषय बदलते.

कारण आधीच सांगून टाकते. या किश्शांमधल्या अक्कांना दिसत नव्हतं. आणि आम्हाला ते माहीत नव्हतं.

मंडळ म्हणजे चौघंच. मी आणि माझा नवरा अविनाश, मुक्काम नेदरलँड्समधलं अ‍ॅमस्टेलव्हीन. गौरी आयंडहोव्हनला चिप बनवायच्या मशीनवर काम करते आणि एकदा बोलायला लागली की त्या मशीनसारखीच थांबत नाही. आणि केदार, वाखनिंगनला बटाट्याच्या रोगावर पीएचडी करतो. महिन्याचा एक सिनेमा ठरवायचा, तो ज्याने त्याने आपापल्या घरी बघायचा आणि पहिल्या शनिवारी दुपारी आमच्याकडे पोहे खात मत द्यायचं. नियम एकच: आधी एक वाक्य, मग वाद. हा नियम गौरीसाठी केला होता, हे गौरी सोडून सगळ्यांना माहीत आहे.

अक्का म्हणजे केदारची आई. सांगलीत एकट्या राहतात. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, आणि एक्स्चेंजमधल्या सगळ्या त्यांना अक्का म्हणायच्या म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. केदारचं आणि त्यांचं ठरलेलं असायचं. रविवारी दुपारी हा इथून फोन लावणार, दोघं फोन स्पीकरवर टाकणार, अक्का म्हणणार, "एक, दोन, तीन, लाव!" आणि दोन्हीकडे एकाच क्षणी सिनेमा सुरू. शेजारच्या सुलभाताई येऊन टीव्ही लावून द्यायच्या. व्हिडिओ कॉल मात्र कधीच नाही. "नको रे, घर पसरलंय," एवढंच उत्तर.

आम्हाला वाटायचं, भारीच टापटीप बाई दिसतेय!

*

अक्कांचं मंडळातलं पहिलंच मत. सिनेमा होता एका एकत्र कुटुंबाचा. अविनाश म्हणाला, "फोटोग्राफी अप्रतिम." मी म्हणाले, "सून मनात घर करते." केदारनं फोनवर लिहून आणलेलं आईचं वाक्य वाचलं:

"त्या सुनेला स्वयंपाक येत नाही, तेल तापायच्या आधीच कांदा टाकते!"

कांदा? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कुणालाच कांदा आठवेना. गौरीनं तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून तो प्रसंग शोधून काढला. पडद्यावर दिवाणखान्यात सासरे पेपर वाचत बसलेले. स्वयंपाकघर भिंतीपलीकडे. आवाज मोठा केला तेव्हा कांदा पडल्याचं कळलं, आणि तो खरंच चरचरला नाही.

"काय नजर आहे बाईंची!" अविनाश म्हणाला.

हे वाक्य तो आता आठवू देत नाही.

*

अविनाश तेव्हा इनबुर्गरिंगच्या परीक्षेला बसला होता. इथे कायमचं राहायचं तर डच यायला पाहिजे, म्हणून त्यानं हट्टानं एक डच सिनेमा निवडला. एक म्हातारं जोडपं, एक गोठा, दीड तास. आम्ही तिघं खालचं इंग्रजी वाचून वाचून थकलो. अविनाशला पहिल्या अर्ध्या तासात "शुभ सकाळ" एवढंच कळलं, आणि ते त्याला आधीपासून येत होतं.

अक्कांचं मत: "नवरा चांगला वाटतो, पण जिना चढताना तो बायकोसाठी एकदाही थांबत नाही."

गौरीनं त्यांना थेट फोन लावला. "अक्का, सबटायटल्स इतक्या पटापट कशी वाचता हो तुम्ही?"

"खाली लिहिलेलं कोण वाचत बसतं! सिनेमा बघायला बसते मी, पेपर वाचायला नाही!"

आम्ही टेबल बडवून हसलो. पुढचे सहा महिने कुणाला काही वाचायचा कंटाळा आला की हे वाक्य ठरलेलं. ऑफिसचा मेल असो नाहीतर गेमेन्टेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं पत्र.

*

मग इंटरवलचा किस्सा. अक्कांचं ठाम मत होतं की इंटरवलशिवाय सिनेमा म्हणजे मिठाशिवाय आमटी. त्यामुळे निम्म्यावर त्या हुकूम सोडायच्या, "थांबव! चहा!" आणि केदार इथे सांगलीतला चहा ऐकत बसायचा. लायटर, पातेलं, डब्याचं झाकण, गाळणी.

सुरुवातीला हे इंटरवल सात मिनिटांचं असायचं. मग दहा झालं. हिवाळ्यापर्यंत वीस. केदारनं कौतुकानं सांगितलं, "आई हल्ली फार निवांत झालीय."

अविनाश म्हणाला, "अरे, अक्का चहा करतात की चहाची लागवड!"

त्यावर सगळ्यात जास्त केदारच हसला. मला ते हसू अजून दिसतं. वीस मिनिटं ती बाई हातानं चाचपून साखर कुठली नि मीठ कुठलं ते बघत होती आणि आम्ही इथे विनोद करत होतो.

*

एका सिनेमातल्या हिरोवर गौरी फिदा होती. तिनं शनिवारी अक्कांना फोन लावला. "खरं सांगा अक्का, दिसायला कसा वाटला?"

"तू सांग आधी. तुझं वय आहे."

मग काय! गौरीनं नियम गुंडाळून ठेवला. त्याचं नाक, त्याच्या गालावरची खळी, हिरवा स्वेटर, स्वेटरच्या कोपराला पडलेलं भोक. अक्का मधेमधे विचारत होत्या, "हिरवा म्हणजे कसला? पोपटी की मेंदीसारखा?" गौरी खूश. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी "पुढे सांग" म्हणत होतं.

दोन महिन्यांनी दुसऱ्या सिनेमावर अक्कांचं मत आलं: "बरा आहे, पण त्या मेंदीच्या स्वेटरवाल्याची सर नाही."

गौरीनं हे अभिमानानं आपल्या टीमला इंग्रजीत समजावून सांगितलं. कुणालाच कळलं नाही. आम्हाला तरी कुठे कळलं होतं!

*

आता माझा. हा मी लोकांना कधीच सांगितला नव्हता.

आपली अभिरुची जरा वरची आहे असं मला वाटतं. माझी पाळी आली तेव्हा मी एक सिनेमा निवडला ज्यात एकही शब्द नाही. गाणं नाही, संगीत नाही. एक माणूस किनाऱ्यावर बोट दुरुस्त करत राहतो आणि शेवटी बोट पाण्यात लोटतो. संपला सिनेमा. शनिवारी मी "मौनाची भाषा" वगैरे बोलून घेतलं. केदारचं वाक्य होतं, "संथ आहे, बाकी काही नाही."

"आणि अक्का?"

"आई म्हणाली, माझं मत नंतर सांगते."

"झोपल्या असतील!" मी म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले, आणि वर पोहे वाढले.

*

सुलभाताईंचा फोन केदारला ग्रीनहाऊसमध्ये आला. अक्का पायरी चुकून पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण सुलभाताईंचा धीर सुटला आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. काचबिंदू. दोन वर्षं झाली. डॉक्टरांकडे जाईपर्यंत उशीर झाला होता. आता फक्त खिडकीत उजेड आहे की नाही एवढंच कळतं. अक्कांनी त्यांना शपथ घातली होती की केदारची थिसिस जमा होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. तो अर्धवट टाकून येईल म्हणून.

केदार तिथून थेट आमच्याकडे आला. बूट न काढता सोफ्यावर बसला. दोन वर्षांत तो घरी गेला नव्हता. एकदा तिकीट काढलं होतं, पण नेमका तेव्हा रोपांना रोग लागला आणि प्रयोग सोडून जाणं शक्य नव्हतं. आईच म्हणाली होती, पुढच्या वर्षी ये.

मग तो म्हणाला, "मेधाताई, मी तिच्याबरोबर अठरा सिनेमे बघितले."

अविनाश उठून आत गेला. पाणी आणायला म्हणून गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

थिसिसला आठ महिने बाकी होते. केदारनं त्याच आठवड्यात सांगलीचं तिकीट काढलं, दीड महिन्यानंतरचं, फक्त जाण्याचं. प्रोफेसरना सोडतो म्हणून सांगणारा मेलही लिहून ठेवला. पाठवला नव्हता. आपल्याला सगळं कळलंय हे आईला मात्र तो सांगेना. तिनं दोन वर्षं जपलेलं गुपित फोनवर कसं फोडायचं, म्हणाला.

*

मग आम्ही शहाण्यांनी काय केलं? अक्कांना सोपं जावं म्हणून बडबडे सिनेमे लावायला लागलो!

पहिला कोर्टातला. दोन तास उलटतपासणी. अक्कांचं मत: "वकील असले म्हणून काय झालं, माणसानं श्वास तरी घ्यावा!"

दुसरा एका घरातल्या भांडणाचा. आई, बाप, तीन मुली, सगळे एकदम बोलतात. अक्कांचं मत: "हे ऐकायला टीव्ही कशाला, आमच्या बोळात उभं राहावं. हल्ली सिनेमा निवडतंय कोण?"

गौरीला खुदकन हसू आलं आणि लगेच ती बाल्कनीत निघून गेली.

*

केदारचं विमान मंगळवारी होतं. त्याच्या आदल्या शनिवारी तो बॅगा घेऊनच आमच्याकडे आला. पोहे कुणी खाल्ले नाहीत. बाहेर चार दिवस नुसती भुरभुर चालली होती. त्यानं टेबलावर फोन ठेवला आणि अक्कांना लावला, स्पीकरवर.

"अक्का, सगळे आहोत," मी म्हणाले. मग पुढे काय बोलायचं ते सुचेना. कुणालाच सुचेना.

शेवटी पलीकडून अक्काच म्हणाल्या, "चार माणसं लायनीवर आहेत आणि एकही बोलत नाही. म्हणजे सुलभानं सांगितलं."

केदारनं डोळ्यांवर हात ठेवला.

"पडलीस तू," एवढंच तो म्हणाला.

"पडले. उठलेसुद्धा. येतोयस ना मंगळवारी?"

"येतोय."

"परतीचं तिकीट काढलंस?"

केदार बोलला नाही.

"तीस वर्षं ट्रंक कॉल जोडलेत मी. माणूस खोटं बोलायच्या आधी कसा थांबतो ते मला पाठ आहे. काढलेलं नाहीस."

"आई, मी इथे बसून काय करू? तिथे तू एकटी..."

"मी एकटी नाही, सुलभा आहे. तिला शपथ पाळता येत नाही, पण भाकरी चांगली करते. महिनाभर राहा. घरात कुठे काय ठेवायचं ते मला नीट लावून दे. मग जा आणि ते बटाटे संपव. मी दोन वर्षं कशासाठी गप्प बसले मग?"

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. गौरी उघड उघड रडत होती. अविनाशनं मुकाट्यानं लॅपटॉप केदारपुढे सरकवला, तिकिटाचं पान उघडून. केदार त्याकडे बघत राहिला. दहा मिनिटं तरी गेली असतील. अक्कांनी फोन ठेवला नाही. मग त्यानं परतीची तारीख भरली. कीबोर्डचा आवाज तिकडे गेला असणार, कारण अक्का म्हणाल्या, "शाब्बास."

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी विचारलं, "अक्का, पुढच्या महिन्याला कुठला लावू? तुम्ही सांगा."

"तुझाच लाव, मेधा. तो बोटीचा. केदार इथे असेल, शेजारी बसून बघेन. माझं मत राहिलंय त्याच्यावर."

मी फोनजवळ सरकले. "अक्का, मी तेव्हा म्हणाले होते... मला माफ करा. त्यात एक शब्दसुद्धा नाही हो."

"माहीत आहे की. विसांत तोच एक चांगला निघाला. एकाच वाक्यात सांगायचं ना?"

"हो."

"केदार दोनदा हसला, एकदा बिस्किट चहात बुडवताना पडलं तेव्हा स्वतःशीच 'अरेरे' म्हणाला, आणि शेवटी बराच वेळ रडला, पण मला कळू नये म्हणून नाक न ओढता तोंडानं श्वास घेत बसला."